टपरीवर कोण दिसत नाही?

ऑफिस कुठलंही असो. हिंजवडीतलं काचेचं, लोअर परळच्या जुन्या गिरणीतलं, नाहीतर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं. गेटबाहेर पन्नास पावलांवर एक टपरी असतेच. नवीन जॉइन झालेल्या माणसाला एचआरची केबिन सापडायला दोन दिवस लागतात, टपरी पहिल्या दिवशी लंचच्या आत सापडते. दोरीला लटकवलेला लायटर, बरणीत क्रीमरोल, स्टोव्हवर उकळून उकळून काळा पडलेला चहा आणि भोवती गळ्यात आयकार्ड अडकवलेलं पब्लिक. अकराला पहिली बॅच, जेवणानंतर मोठी बॅच, आणि साडेचारला अप्रेझलच्या नावाने बोटं मोडणारी बॅच.

सुट्टा ब्रेकमधली दोस्ती, सुट्टा ब्रेकमधलं गॉसिप, सुट्टा ब्रेकमध्ये जमलेली लग्नं या सगळ्यावर भरपूर लिहून झालंय. त्यात आज शिरत नाही. मला गेले काही दिवस एक वेगळाच किडा चावतोय. इथे नेमकं कोण उभं आहे? आणि कोण नाही?

कारण काय, की ‘सिगारेट ही ज्याची त्याची मर्जी’ असं आपण अगदी सहज म्हणून टाकतो. ‘पर्सनल चॉइस’ म्हटलं की विषय संपला. पण खरंच ती नुसती मर्जी असती, तर चहा की कॉफी यासारखी सगळीकडे साधारण सारखी विखुरलेली दिसली असती. तशी ती दिसत नाही. तुम्ही बाई की पुरुष, शिकलात किती, काम कसलं करता आणि कुठल्या राज्यात वाढलात एवढं सांगा. तुमच्या हातात सिगारेट असेल, बिडी असेल, तळहातावर चुना-तंबाखू असेल की काहीच नसेल, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. म्हणजे मर्जी तुमचीच, पण मेन्यूकार्ड आधीच कोणीतरी छापून ठेवलेलं!

आता थोडे आकडे. घाबरू नका, पटकन उरकते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने २०१६-१७ मध्ये एक भलामोठा सर्व्हे केला. ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हे, लाडाने ‘गॅट्स’. पंधरा वर्षांच्या पुढच्या ७४,०३७ लोकांना त्यांनी देशभर गाठलं. निष्कर्ष असा की भारतात २८.६ टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. पण ओढणारे? फक्त १०.७ टक्के. त्यातही बिडीवाले जास्त, ७.७ टक्के. सिगारेटवाले अवघे ४ टक्के. म्हणजे सिनेमाच्या आधी दिसणारी, पाकिटावर चित्र असलेली, आपण ज्यावर एवढा वाद घालतो ती सिगारेट देशाच्या तंबाखूच्या हिशेबात कोपऱ्यातली पाहुणी आहे.

महाराष्ट्राचे आकडे तर आणखी गमतीशीर. इथे तंबाखू घेणारे २६.६ टक्के, म्हणजे देशाच्या जवळपासच. पण ओढणारे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे २४.४ टक्के. शंभर मोठी मराठी माणसं रांगेत उभी केली, तर धूर सोडणारे चारसुद्धा पुरते भरत नाहीत; गालात गोळी धरलेले मात्र चोवीस निघतात. शेजारच्या गोव्यात एकूण तंबाखूच ९.७ टक्क्यांवर थांबते, देशात सगळ्यात कमी. त्रिपुरात तीच ६४.५ टक्के. मिझोरममध्ये तर एक तृतीयांश मोठी माणसं ओढतात. एकच देश, एकच कायदा, एकच पाकिटावरचं चित्र, आणि इतका फरक. याला चॉइस म्हणायचं का?

आता परत टपरीकडे बघा. पुढे घोळका करून उभे असलेले आपण. आणि बाजूने पटकन येऊन, सुट्टे पैसे टेकवून, पुडी खिशात टाकून निघून जाणारे कोण? सिक्युरिटीवाले, हाउसकीपिंगवाले, कॅबचे ड्रायव्हर, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला टेक्निशियन. ते आपल्या घोळक्यात उभे राहत नाहीत, कारण त्यांना दहा मिनिटांचा ब्रेकच नाही. सिगारेटला एक हात लागतो, एक कोपरा लागतो आणि सात-आठ मिनिटं लागतात. तंबाखूला काहीच लागत नाही. मळली, थापटली, ओठाखाली धरली की माणूस परत कामाला. गेटवर बारा तासांची ड्यूटी करणारा माणूस साहेबाच्या गाडीला सॅल्यूट ठोकताना सिगारेट ओढू शकत नाही, पण गालात गोळी ठेवू शकतो. ज्या लोअर परळमध्ये आपण आज ‘लाते’ पितो तिथल्या गिरणीतही तेच गणित होतं. कापसाच्या ढिगाशेजारी काडी ओढून कसं चालेल? बांधकामावरच्या बायका तंबाखू लावतात, त्यातलं एक कारण असं की निकोटिनने भूक मरते. दुपारचं जेवण पुढे ढकलायचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

थोडक्यात, आपला ब्रेक हा ब्रेक आहे म्हणून आपली सिगारेट आहे.

आमच्या बिल्डिंगा लिस्टमध्ये नव्हत्या

या विषयावरचा माझा सगळ्यात आवडता अभ्यास मुंबईतलाच आहे. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई शहरात, म्हणजे तेव्हाच्या बॉम्बेत, पस्तीस वर्षांपुढच्या ९९,५९८ लोकांची तंबाखूविषयी माहिती गोळा केली. घरोघरी माणसं पाठवून. त्यांच्या हातात वही-पेन नाही, छोटे हातातले कॉम्प्युटर! आपल्यातले बरेच जण तेव्हा पाटीवर ‘ग म भ न’ गिरवत होते, किंवा जन्मलेही नव्हते. १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यात पुरुषांपैकी ६९.३ टक्के तंबाखू घेणारे निघाले. ठीक आहे, अपेक्षित. आणि बायका? ५७.५ टक्के. परत वाचा. मुंबईतल्या पस्तिशीपुढच्या, घरी सापडलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त. आणि त्यातल्या जवळपास सगळ्या ओढणाऱ्या नव्हेत. मशेरी, पान, तंबाखू-चुना.

पुढे याच कामातून ‘मुंबई कोहॉर्ट स्टडी’ उभा राहिला. १९९७ पर्यंत दीड लाखाच्या आसपास माणसं त्यात आली. या माहितीवर २००५ मध्ये एक पेपर आला, त्यात शिक्षण आणि तंबाखू यांची सांगड घातली होती. निरक्षर माणूस आणि कॉलेजात गेलेला माणूस यांच्यात जो फरक दिसला, तो वय आणि काम यांचा हिशेब वजा करूनही प्रचंड उरला. पुरुषांमध्ये मोठा, आणि बायकांमध्ये त्याहून कितीतरी मोठा. म्हणजे शाळेत घालवलेलं एकेक वर्ष मुलींच्या बाबतीत तंबाखूपासून जास्त दूर नेतं. साक्षरतेच्या फायद्यांच्या यादीत हे कोणी घातलेलं मी तरी वाचलं नव्हतं.

पण मला या अभ्यासातली सगळ्यात भारी गोष्ट आकड्यांच्या बाहेर सापडली. मतदार याद्यांवरून माणसं निवडली होती, आणि त्यातल्या उच्च-मध्यमवर्गीय आणि श्रीमंत सोसायट्या सरळ वगळाव्या लागल्या होत्या. कारण? वॉचमन आत सोडत नाहीत! सिक्युरिटीचा प्रॉब्लेम. म्हणजे ज्या वॉचमनची तंबाखू मोजली गेली असती, तोच साहेबांची तंबाखू मोजू देत नव्हता. गरिबाच्या सवयीचा हिशेब सरकारपासून संशोधकापर्यंत सगळ्यांकडे असतो. गेटेड कॉम्प्लेक्समधल्या बाल्कनीत रात्री साडेअकराला कोण काय करतं, याचा हिशेब फक्त समोरच्या बाल्कनीकडे.

याच कोहॉर्टमधून बिडीबद्दलही एक गोष्ट पुढे आली. बिडी लहान असते, पानात गुंडाळलेली, ‘नॅचरल’, म्हणून ती कमी वाईट असा एक गोड गैरसमज आहे (आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये तर बिडी कूल मानतात). मुंबईतल्या पुरुषांमध्ये तंबाखू अजिबात न घेणाऱ्यांशी तुलना केली, तर सिगारेटवाल्यांचा मृत्यूदर ३७ टक्क्यांनी जास्त दिसला आणि बिडीवाल्यांचा ६४ टक्क्यांनी. आणि तरी बिडीवरचा कर कायम हलका राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलने तंबाखूच्या बाकी मालावर ४० टक्क्यांचा दर ठरवला, तेव्हा बिडीचा दर २८ वरून १८ वर आणायचा निर्णय घेतला. कारण सांगितलं जातं ते बिडी वळणाऱ्या हातांचं. आणि ते कारण खोटं नाही. सोलापुरात जाऊन बघा. बिडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत, कुंभारीला त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहतही उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान त्याच्या उद्घाटनाला आले होते. त्या बायका दिवसभर तेंदूपान आणि तंबाखूची धूळ अंगावर घेतात आणि स्वतः बिडी ओढत नाहीत. वळणारी बाई, ओढणारा पुरुष, आणि कर कमी ठेवून दोघांचंही भलं केलं असं मानणारे आपण.

मशेरी चालते, सिगारेट नाही

आता मुलींच्या मुद्द्याकडे येते. कारण टपरीवर कोण नाही या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर ‘मुली’ असं आहे, आणि सगळ्यात गुंतागुंतीचंही.

गॅट्समध्ये महाराष्ट्रातल्या १.४ टक्के बायका ओढणाऱ्या आहेत, आणि १६.६ टक्के बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या. बारा पट! तुमच्या गावाकडच्या आजीला आठवा. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो घशात बसणारा वास, मग ती काळी पूड डबीत भरणं, आणि उन्हाला बसून दहा-पंधरा मिनिटं दातांवरून बोट फिरवणं. दिवसातून तीन-चार वेळा. त्याला कोणी ‘व्यसन’ म्हणत नसे. ‘दात घासतेय’ म्हणत. सून सासूला मशेरी भाजून द्यायची. ती शालीन बाई. आणि तिच्याच नातीच्या हातात सिगारेट दिसली, तर खानदानाचं नाक कापलं!

हे नियम कुठे लिहून ठेवलेत म्हणे? कुठेच नाही, आणि जागा बदलली की ते बदलतात. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, श्रीकाकुलमच्या बाजूला, बायका ‘चुट्टा’ ओढतात. आणि तो पेटता भाग तोंडाच्या आत धरून. पिढ्यान्‌पिढ्या. तिथे त्यात कोणाला बंडखोरी दिसत नाही. टाळूचे आजार दिसतात, ते वेगळं.

धुराला बंडखोरीचा वास लावला तो जाहिरातवाल्यांनी. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या परेडमध्ये तरुण मुलींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या, आणि पेपरांनी त्याला स्त्रीस्वातंत्र्याच्या मशाली म्हणून उचलून धरलं. ती आयडिया होती एडवर्ड बर्नेझ नावाच्या पीआरवाल्याची, आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. मास कॉमच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. शिकवताना कोणी सांगत नाही, की हा जगातला एक अत्यंत यशस्वी स्कॅम आहे आणि तो अजून चालू आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे ‘मुली सिगारेट ओढायला लागल्या हो!’ अशी बोंब दर सहा महिन्यांनी एखादं मासिक ठोकतं. कव्हरवर लाल लिपस्टिक आणि धूर. पण २००९-१० च्या गॅट्समध्ये देशातल्या २.९ टक्के बायका ओढत होत्या आणि २०१६-१७ मध्ये २ टक्के. कमी झाल्या! आता यात एक मेख आहे. विचारलं कुठे? घरी. शेजारच्या खोलीत सासू असताना कोण खरं सांगणार? दक्षिण कोरियात एका अभ्यासाने बायकांच्या उत्तरांबरोबर लघवीतल्या कोटिनिनची, म्हणजे निकोटिनच्या खुणेची, तपासणी केली. तोंडी उत्तरांपेक्षा ओढणाऱ्या बायका दुपटीहून जास्त निघाल्या. तिथेही बाईने ओढणं म्हणजे अब्रू जाणं. तेव्हा आपल्या दोन टक्क्यांत लपवलेलं किती असेल, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. पण बोंब ठोकायला आधार मात्र नाही.

एक मैत्रीण आहे. जाहिरात क्षेत्रात, तिशीच्या उंबरठ्यावर, दिवसाला पाच-सहा. तिच्या ऑफिसखालच्या टपरीवर ती कधीच जात नाही. दोन गल्ल्या सोडून तिसरीत जाते. बॅगेत मिंट, डिओ आणि हँडवॉशची बाटली.

‘‘इतकं टेन्शन कशाला घेतेस?’’ मी तिला विचारलं.

‘‘अगं, खालच्या टपरीवर आमच्या सोसायटीतले एक काका पान खायला येतात.’’

‘‘ते काका स्वतः पान खातात ना?’’

‘‘एकशेवीस तीनशे,’’ ती म्हणाली. ‘‘पण ते काका आहेत!’’

तिला सोडायची आहे. मनापासून. दोनदा प्रयत्न करून झालाय. पण सोडण्यासाठी मदत मागायची तर आधी ओढते हे सांगायला हवं. फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र. घरी तर प्रश्नच नाही. तिच्या टीममधल्या मुलाने जानेवारीत सोडली, तेव्हा त्याच्या बायकोने सगळ्यांना पेढे वाटले. हिने सोडली तर कोणाला सांगणार? जे कधी धरलंच नव्हतं, ते सोडलं कसं? आपल्याकडे मुलगी ओढते म्हणून सगळे जितकं बोलतात, त्यातलं फुप्फुसाबद्दल किती असतं ते एकदा मोजून बघा. सगळा रोख चारित्र्यावर, आणि त्यापायी तिचा खोकला मागे राहतो.

बॉस ओढतो का?

हा प्रश्न वाटतो तितका चिल्लर नाही. झोइ कलेन आणि रिकार्डो पेरेझ-त्रुलिया या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आशियातल्या एका मोठ्या बँकेतली बढत्यांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुरुष बॉसच्या हाताखाली पुरुष कर्मचारी बायकांपेक्षा वेगाने वर जात होते, हा एक भाग. दुसरा भाग टपरीचा. न ओढणाऱ्या बॉसकडून ओढणाऱ्या बॉसकडे बदली झाली, की ओढणारे पुरुष त्याच्यासोबत जास्त ब्रेक घ्यायला लागले, आणि त्यांची प्रमोशन्सही लवकर झाली. काम जास्त केलं म्हणून? तसं काही दिसलं नाही.

आता आठवा, मागच्या प्रोजेक्टचं वाटप कुठे झालं? मीटिंग रूममध्ये की खाली? ‘अरे, ते तर आमचं काल टपरीवरच ठरलं’ हे वाक्य ऐकलं नाही असं एकही ऑफिस मला माहीत नाही. मी स्वतः अशा टपऱ्यांवर नुसता चहा घेऊन उभी राहते. फ्रीलान्सरला बातम्या तिथेच मिळतात, काय करणार. आणि तिथे उभं राहिल्यावर लक्षात येतं, की घोळक्यात सात मुलगे असले तर मुलगी एखादी, आणि ती एखादी पण कोणाच्या तरी पाठीमागे, रस्त्याकडे पाठ करून. एचआरने डायव्हर्सिटीवर कितीही वर्कशॉप घेतली तरी हा ब्रेक त्यांच्या रडारवर येत नाही, कारण तो ऑफिसच्या बाहेर आहे.

आणि तो बाहेर का आहे, त्यालाही इतिहास आहे. आमचे सीनियर सांगतात, पूर्वी न्यूजरूममध्ये प्रत्येक टेबलावर ॲश-ट्रे असायचा. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदीचा आदेश दिला, २००३ मध्ये कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी ऑफिसच्या आतलं धूम्रपान बंद केलं. कागदावर. प्रत्यक्षात आत बसून काम करणाऱ्यांपैकी कामाच्या जागी दुसऱ्याचा धूर खाणारे २००९-१० मध्ये २९.९ टक्के होते आणि २०१६-१७ मध्ये ३०.२ टक्के. जिना, टेरेस, पार्किंग... नाव घ्यायला नको.

अजून एक आकडा राहिला, तो मला जास्त लागला. डॉक्टरकडे गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना डॉक्टरने ‘सोडा’ असं सांगितलं. तंबाखू खाणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना. ज्या देशात खाणारे ओढणाऱ्यांच्या दुप्पट आहेत, तिथे सल्ला ओढणाऱ्याला जास्त मिळतो. सिगारेटवाला बोलका असतो, कपडे बरे असतात, गुगल करून आलेला असतो. आणि गेटवरच्या काकांच्या तोंडात डॉक्टर डोकावला, तरी पुढच्या पेशंटची घाई.

बाहेरच्या देशांत हे आधीच घडून गेलंय. १९४८ मध्ये ब्रिटनमधले ८२ टक्के पुरुष तंबाखू ओढायचे. मोठ्या हुद्द्यावरचे आणि मजूर असे सगळेच. मग १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दाखवला, आणि शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांनी एकेक करून पाकीट टाकलं. २०२२ मध्ये तिथे ओढणारे १२.९ टक्के उरले होते. कोण उरले? अंगमेहनत करणारे, कमी शिकलेले. सवय सगळ्यांची होती, सुटली ती सोयीवाल्यांची. आपल्याकडेही पंधरा ते चोवीस वयोगटात तंबाखू घेणारे दोन सर्व्हेंच्या मधे १८.४ वरून १२.४ टक्क्यांवर आले, ही झकास बातमी आहे. पण ती कमी होतेय ती कोणाच्या घरात, हे विचारल्याशिवाय पेढे वाटण्यात अर्थ नाही.

सुटते कशी, याबद्दल अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमच्या १२,०६७ लोकांचा १९७१ ते २००३ असा बत्तीस वर्षांचा माग काढला गेला. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये तो मांडला. माणसं एकेकटी सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. आणि छोट्या कंपनीत सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी! बायकोच्या निम्मं वजन शेजारच्या डेस्कवाल्याचं. शिकलेल्या मित्राचा परिणाम जास्त पडतो, हेही त्यात दिसलं. आणि जे ओढत राहिले, ते हळूहळू मित्रमंडळाच्या कडेला ढकलले गेले.

म्हणून साडेचारच्या बॅचमधल्या कोणी एकाने ‘आजपासून मी फक्त चहा’ म्हटलं, तर हसू नका. त्याच्यासोबत चहाच घ्या. आमच्या ओळखीच्या एका छोट्या स्टुडिओत चौघांनी असंच केलं. तिघांचं टिकलं, चौथा अजून ‘वीकएंडला फक्त’ म्हणतोय. मात्र या खेळात माझी ती मैत्रीण बसत नाही, कारण ती कुठल्याच बॅचमध्ये नाही. आणि गेटवरचे काकाही बसत नाहीत. त्यांच्या पाळीतले दुसरे दोघंही त्याच पुडीतलं खातात. त्या दोघांना फुकट मदत मिळेल असा एक नंबर आहे, १८००-११-२३५६, सरकारची टोल फ्री क्विटलाइन. तिथे कोणी काकांना सांगत नाही, कोणी चारित्र्य काढत नाही. २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापायचा नियम आहे. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे कागदोपत्री प्रत्येक ओढणाऱ्याला तो नंबर रोज दिसतो. कालच मी आमच्या टपरीवर अर्धा तास उभी होते. पाकीट कोणी घेतलं नाही.